नव्या संडासाची किल्ली

...आणि वर थुंकी! तुम्हाला सांगतो, बाकी सगळं मी सहन केलं असतं. घाम सहन केला असता, ढेकर सहन केले असते, फोरमनदादांच्या बुटांचा वास... तोही केला असता, नाक धरून. पण थुंकी? तळहातावर? आणि त्याच तळहातानं रस्सी धरायची, जी आपल्या आधी सात जणांनी तशाच तळहातांनी धरलीय... शी! तुमचं जेवण झालंय ना? झालं असेल तर बिचारे तुम्ही, आणि झालं नसेल तर आता काही ते होत नाही. पण ऐका. कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. घरी बायको म्हणते, "पुरे हो, तुमचा तो विषय निघाला की मला चहा जात नाही." आणि कारखान्यात कोणाला सांगू? तिथलेच तर सगळे थुंकणारे!

मी फार काही मागत नव्हतो हो. हात धुवा, एवढंच म्हटलं होतं मी.

आता मला विचारा, कारखाना कसला? साबणाचा! हसू नका. म्हणजे हसा, सगळेच हसतात. एका अंगाला कढई विभाग, तिथं साबण शिजतो. दुसऱ्या अंगाला आम्ही, वेष्टण विभाग. वड्या कापायच्या, ठसा मारायचा, कागदात गुंडाळायच्या, खोक्यात भरायच्या. मी काट्यावर असतो. वडी काट्यावर ठेवायची, वजन बघायचं, कमी भरली तर बाजूला. म्हणून माझं नाव काटेवाले. दिवसभर मी वड्यांचं वजन करतो आणि सगळा कारखाना माझं करतो, कारण माझी तब्येत... बघताच आहात तुम्ही. त्यावर वेगळं बोलायला नको.

तर विभाग दोन, आणि दोघांत मिळून संडास एक. त्याला संडास म्हणायचं ते केवळ दुसरा शब्द सुचत नाही म्हणून. दाराला कडी नाही. कडीच्या जागी एक भोक, आणि त्या भोकाला बाहेरच्याचा डोळा. आत बसलेल्यानं एक पाय दाराला लावून धरायचा आणि मधून मधून खोकायचं, की बाबांनो, माणूस आहे इथं. नळाची तोटी अशी, की उघडली तर पाणी येत नाही आणि बंद केली तर थांबत नाही. जमीन बारा महिने ओली... आणि ती कशानं ओली, हा विचार मी आजवर मोठ्या कष्टानं टाळत आलोय. आणि भिंत... नको. भिंत राहू द्या.

बरं, तेही चाललं असतं. पण लोक तिथून बाहेर येतात ते कसे? कोरड्या हातांनी! माझा काटा बरोब्बर त्या दारासमोर, त्यामुळे न बघायचं म्हटलं तरी दिसतं. आत जाताना हात कोरडे, बाहेर येताना हात कोरडे, आणि तेच हात सरळ बिस्किटांच्या पुड्यात! "काटेवाले, घ्या की एक." नको रे बाबा, तूच खा, तुझ्या हातांनी तूच खा! एकदा न राहवून काडीला म्हटलं मी. काडी म्हणजे आमचा ठसा मारणारा, अंगावर मांस म्हणून नाही, आडवा उभा राहिला तर दिसत नाही. म्हटलं, "अरे काडी, हात धू की लेका." तर दोन्ही हात माझ्या नाकासमोर नाचवत म्हणतो कसा, "काटेवाले, दिवसभर कोपरापर्यंत साबणात असतो मी! या हातांना आणखी काय धुवायचं? हे हात म्हणजेच साबण!" आणि मंडळी, सगळ्यांनी माना डोलावल्या! मावशींनीसुद्धा! या मावशी गुंडाळणीवर बसतात, वयानं सगळ्यांत मोठ्या, घरी चार सुना, मला वाटलं निदान या तरी बोलतील. तर म्हणाल्या, "खरंच की रे. आपल्याला कसले जंतू? आपल्याजवळ येऊन तेच मरतील."

पाणी लागतं हो साबणाला! गाद्यांच्या दुकानात काम केलं म्हणून कोणाची झोप पूर्ण होते का? पण कोण ऐकतो? हात धुवा, एवढंच म्हटलं होतं मी. तर त्या दिवसापासून मी आलो की आपापसात, "आले, आले, नवरीबाई आल्या. हात लावू नका, मळतील."

आणि अशात साहेबांनी नवा संडास बांधला.

काय सांगू तुम्हाला... पांढऱ्याशुभ्र फरशा. बेसिन. बेसिनवर आरसा. नळ असा, की बोटानं ढकलला की धार आणि बोटानं ढकलला की बंद. आणि कडी! पितळेची! सरकवली की खट्ट! मी आत उभा राहून नुसती कडी लावली, काढली, लावली, काढली. गवंडी बाहेरून ओरडला, "अहो, काय करताय आत?" म्हटलं, काही नाही, ऐकतोय. तुम्हाला सांगतो, जन्मात कुठल्या गोष्टीची मला एवढी ओढ लागली नव्हती. लग्नाच्या वेळीसुद्धा नाही. हे घरी बोलू नका.

पण नवा संडासही एकच! मग सुरू झालं भांडण. कढईवाले म्हणतात, आम्ही उष्णतेत काम करतो, आमचा हक्क. आम्ही म्हणतो, आमच्यात बायका जास्त, आमचा हक्क. साहेबांच्या दारात रोज तक्रार. शेवटी साहेब वैतागले. साहेब कसे बोलतात ठाऊक आहे? डोळे मिटून. डोळे मिटले आणि म्हणाले, "या वर्षीच्या क्रीडादिनाला रस्सीखेच ठेवतो. दोन्ही विभागांचे आठ-आठ जण. जिंकेल त्याला किल्ली. हरेल त्यानं जुना वापरायचा. आणि यापुढे माझ्यासमोर संडास हा शब्द काढायचा नाही."

झालं! फोरमनदादांनी तिथल्या तिथे आठ नावं घेतली, त्यात मी! म्हटलं, दादा, मी आणि रस्सीखेच? जिना चढलो की मला खुर्ची लागते. तर दादा माझ्या पोटावर थाप मारून, हो, त्याच हातानं थाप मारून म्हणाले, "तुम्ही काही करायचं नाही काटेवाले. तुम्ही शेवटी. रस्सी कमरेला गुंडाळायची आणि मागे रेलायचं. बाकी सगळं तुमचं वजन करेल." म्हणजे माझी गरज नव्हती, माझ्या वजनाची होती. पण कडी आठवली... खट्ट! म्हटलं, आहे मी.

काम सुटलं की मागच्या आवारात सराव. पहिल्याच दिवशी दादांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि म्हणाले, "आपल्या हातांना कायम साबणाचा भुगा. रस्सी सटकणार. म्हणून धरायच्या आधी..." आणि पचाक्! तळहातावर! मग दोन्ही तळहात चोळले, जसं काही अत्तर लावतायत. मग काडी, पचाक्. मावशी तोंडाला पदर लावून, पण पचाक्! मी म्हटलं, "दादा, भुगाच काढायचाय ना? मग हात धुवा की! पाण्यानं! तो बघा नळ!" तर म्हणाले, "पाण्यानं पकड जाते. रस्सीला माणसाची ओल लागते." माणसाची ओल! ऐकलंत? मी आपला दोन बोटांनी रस्सी कमरेला अडकवायचो, हात शक्यतो हवेत, आणि सराव संपला रे संपला की नळावर. कोपरापर्यंत. दोनदा.

पण थुंकी ही नुसती सुरुवात होती हो. खरा प्रकार म्हणजे ठमी.

ठमी म्हणजे दादांची नात. दीड वर्षाची. तिची आई संध्याकाळपाळीला जाते, म्हणून दादा तिला सरावाला घेऊन यायचे. आता पोर गोड आहे, मी नाही म्हणत नाही. गुटगुटीत, चार दात, कोणालाही बघून हसणार. पण नाकाखाली दोन धारा! अखंड! एक ओठापर्यंत आली की जीभ बाहेर, आणि... शी शी शी! मावशी तिला "अगं माझी बाय ती" म्हणत उचलायच्या, दोन बोटांत नाक धरून साफ करायच्या, आणि ती बोटं कशाला पुसायच्या? रस्सीला! माझ्या डोळ्यांदेखत! पुन्हा ठमीला बसायला जागा कुठली? रस्सीच्या वेटोळ्यावर. आणि बसल्या बसल्या करायचं काय? रस्सीचं टोक चोखायचं! मग तिला बिस्किट द्यायचं, तिनं ते तोंडात घोळवून लगदा करायचा, आणि मग एकेकासमोर धरायचं, "घे." आणि ते घ्यायचे! काडी "आ" करून तोंड पुढे करायचा! "बघा, मला भरवते! काका आवडतो तिला!" दादांचा ऊर भरून यायचा. त्यात ती मधेच अवघडल्यासारखा चेहरा करायची, लाल व्हायची, दादा तिला कोपऱ्यात नेऊन कपडे बदलायचे आणि परत येऊन... पचाक्, चोळचोळ, "चला, ओढा!"

बदललेल्या हातांनी नाही हो, त्याच हातांनी!

दादा, हात धुवा! एवढंच म्हटलं मी. दादा म्हणाले, "लहान लेकराचं कसलं घाण? देवाघरचं ते."

मग एका सकाळी काडी ठशावर आला तो मान वाकडी करून. केस उभे. म्हटलं, काय रे? "काटेवाले, हात वर जात नाही. भांग पाडता आला नाही. दंडात अशी कळ मारतेय, आणि मांड्या म्हणजे नुसतं लाकूड." मला जरा कसंतरीच वाटलं. पण दादा धावत आले. चेहऱ्यावर आनंद मावत नाही! "दुखतंय? दंड दुखतायत? मांड्यासुद्धा? शाब्बास माझ्या वाघा! दुखतंय म्हणजे ताकद येतेय! याला म्हणतात सराव!" आणि काडीच्या पाठीवर अशी थाप मारली, की काडी किंचाळला, आणि ते किंचाळणंसुद्धा दादांना ताकदीचंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मावशी. "अरे, मला खुर्चीतून उठता येईना. सून म्हणाली, सासूबाई, काय झालं? म्हटलं, ताकद येतेय." मग आणखी एक, मग आणखी दोन. सगळा विभाग कण्हतोय आणि खूश! एकमेकांना विचारतायत, "तुझी कुठवर आली?" "पोटऱ्यांपर्यंत." "अरे वा! माझी आज मुठीत आली, पेला धरवत नाही!" मी म्हणालो, अरे, पेला धरवत नाही तर रस्सी कशी धरणार? ही ताकद येतेय की जातेय? तर सगळे माझ्याकडे वळले. आणि दादांनी असे डोळे बारीक केले.

"काटेवाले, तुमचं काय दुखतंय?"

म्हटलं, काही नाही.

"काही म्हणजे काहीच नाही?"

म्हटलं, ठणठणीत आहे.

तुम्हाला सांगतो, चोर पकडल्यासारखे सगळे जवळ सरकले! काडी हळूच म्हणाला, "म्हणजे हे ओढतच नाहीत." मावशी म्हणाल्या, "या वयात माझं अंग मोडलं, आणि याला काही नाही? लाज वाटू दे रे जराशी." झालं! मी कामचुकार! का? तर मी धडधाकट! दादांनी मला जादा व्यायाम दिला. बाकीचे भिंतीला टेकून कण्हणार आणि मी एकटा खोकी उचलत आवाराला फेऱ्या मारणार. घरी जावं तर बायको विचारणार, "सगळ्यांची अंगं दुखतायत म्हणे. तुमचं?" नाही म्हटलं की, "मग ते कपाट जरा सरकवा." शेवटी मीही सुरू केलं, उठताना "आई गं", बसताना "मेलो". लगेच दादा खूश! "आली, आली! उशिरा का होईना, आली!"

आणि मग तो दिवस. नाही, हे सांगू की नको... सांगतोच.

सामना दोन दिवसांवर आलेला. मी काट्यावर. समोरून, म्हणजे त्या जुन्या संडासातून आवाज, "काटेवाले..." बारीक. "काटेवाले, आहात का?" म्हटलं, कोण? "मी काडी. उठता येत नाही." म्हटलं, उठता येत नाही म्हणजे? "पायांत जोर नाही. दार धरायला हात वर जात नाही. मी असाच आहे कधीचा." आता कोण जाणार आत? दादांनी बघितलं, दादांचे गुडघे वाकेनात. दुसऱ्यानं बघितलं, त्याची मूठ मिटेना. सगळ्यांच्या अंगात ताकद आलेली ना! आणि मग त्या सगळ्यांनी, ज्यांनी मला इतके दिवस नवरीबाई म्हटलं, माझ्याकडे पाहिलं.

गेलो. डोळे मिटून, श्वास कोंडून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून गेलो. त्याच्या काखेतून रस्सी घातली, दुसरं टोक बाहेर माझ्या कमरेला, आणि मागे रेललो. कोणी काही म्हणा, काडी जो सुटून आला तो थेट माझ्या अंगावर. त्या जमिनीवरून उठलेला काडी. माझ्या अंगावर. आणि गळ्यात हात टाकून म्हणतो, "काटेवाले, उपकार झाले." ते उपकार माझ्या मानेला लागले हो! मी त्या दिवशी एवढी अंघोळ केली, की बायको दार वाजवून विचारायला लागली, "सोलताय की काय स्वतःला?"

एवढं झाल्यावर मात्र मी हट्टच धरला आणि सगळ्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रांगेनं आत गेले, लाकडी बाहुल्यांसारखे. बाईंनी दंड दाबले, "आई!" मांड्या दाबल्या, "मेलो!" ताप बघितला, मूठ वळायला सांगितली, कोणाची वळेना. दादा अभिमानानं म्हणाले, "सरावामुळे आहे बाई. ताकद येतेय." बाई म्हणाल्या, "ताकद नाही, साथ आलीय. हा व्हायरस आहे. घरात कोणी लहान मूल आजारी आहे का?"

"छे छे! नात आहे दीड वर्षाची, ठणठणीत. जरा शेंबूड असतो, तेवढंच."

"तेच ते. हा लहानग्यांना नुसती सर्दी देतो. मोठ्यांना मात्र स्नायूंत धरतो. दंड, मांड्या, पकड जाते. आठ-दहा दिवसांत उतरेल, पण आराम करा. थुंकीतून पसरतो, शेंबडातून पसरतो आणि बाळाचे कपडे बदलून हात धुतले नाहीत तर त्यातूनही पसरतो. हात धुता ना सगळे?"

मावशी छताकडे बघतायत, काडी बुटाकडे.

"काम काय करता तुम्ही?"

दादा हळूच म्हणाले, "साबण बनवतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. आधी ओठ दाबले, मग खांदे हलायला लागले, मग उठून आतल्या खोलीत गेल्या. आतून हसू ऐकू येत होतं हो! आणि मी तिथं उभा, छाती फुगवून, म्हटलं आता तरी कोणी म्हणेल, काटेवाले, तुमचं बरोबर होतं. दादांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही ते 'आई गं' खोटं करत होतात?"

आराम कसला! "परवा सामना आहे," दादा म्हणाले, "कढईवाल्यांना कळता कामा नये. चला, ताठ चाला." आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळे ताठ. वेदनेनं ताठ. पण मी बघत होतो ना माझ्या काट्यावरून... कढईवालेही जरा जास्तच ताठ चालत होते! जिन्यावर कठडा धरून, हसत हसत, दात आवळून! असणारच! जुना संडास एकच, तोटी एकच, तिला लागणारे हात दोन्हीकडचे. त्यांच्यातही तीच ताकद आलेली. फक्त त्यांनीही ठरवलेलं, वेष्टणवाल्यांना कळता कामा नये!

सामना. आवार माणसांनी भरलेलं. साहेब मधे, शिट्टी घेऊन, डोळे मिटून. इकडून आठ, तिकडून आठ. रस्सी उचलायला वाकताना सोळापैकी चौदा जणांच्या तोंडून एकदमच "आई गं" आलं. साहेबांना वाटलं, ही काहीतरी घोषणा आहे. चौदा म्हणतोय मी, कारण माझ्यासारखाच त्यांच्याही शेवटी एक धडधाकट माणूस होता. ढवळ्या! मोठ्या कढईतला साबण ढवळतो, म्हणून ढवळ्या. मान अशी, खांदे असे, आणि पंधरा दिवस सासुरवाडीला होता, सुट्टीवर! म्हणजे साथीला सापडलेलाच नाही!

शिट्टी वाजली. आणि काही झालंच नाही. मधले सगळे नुसते रस्सीला लोंबकळतायत, टॉवेल वाळत घातल्यासारखे. कोणाची मूठच वळत नाही! ओढतोय कोण? तिकडून ढवळ्या, इकडून मी. मी मागे रेललो, डोळ्यांसमोर पांढऱ्या फरशा आणल्या, आरसा आणला, कडी आणली... खट्ट! रस्सी आमच्याकडे बोटभर आली. आणि मग सटकायला लागली. का? तर माझे हात नुकतेच धुतलेले! सामन्याआधी मला घाबरल्यासारखं झालं की मी हात धुतो, आणि मी चार वेळा घाबरलो होतो. हात कसे? मऊ, ओलसर, गुळगुळीत. रस्सी निघाली. कमरेभोवतीचा वेढा सैल. ढवळ्या हसतोय. नवा संडास चालला हो, माझ्या हातांतून चालला!

पुढून दादा ओरडले, "थुंक!"

म्हटलं, काय?

"काटेवाल्या, हातावर थुंक! थुंक!" आणि सगळा वेष्टण विभाग, बाया, माणसं, टाळ्या वाजवून, "थुंक! थुंक! थुंक!" माझं तोंड कोरडं ठाक! थुंकी येईल तर शपथ! जन्मभर न थुंकलेला माणूस, त्याला आयत्या वेळी जमणार कसं? रस्सी सरकतेय, मी ओढला जातोय, आणि माझ्यापुढे मावशी. त्या मान वळवून, अगदी मायेनं म्हणाल्या, "बाळा, तुला येत नसेल तर मी थुंकू का तुझ्या हातावर?"

आली! लगेच आली! एक हात सोडला, पचाक्, दुसरा सोडला, पचाक्, चोळले... आणि मंडळी, शरमेनं सांगतो, पकड बसली. अशी बसली, की मी डोळे मिटून मागे जो रेललो तो आडवाच झालो, आणि माझ्यामागून वेष्टण विभाग आणि त्यांच्यामागून कढई विभाग आणि सगळ्यांत शेवटी ढवळ्या, माळेसारखे ओढत आले. साहेबांनी डोळे उघडले. जिंकलो!

मग काय! उचलायला कोणाच्या हातांत जोर नाही, म्हणून सगळे माझ्यावर पडले. दादांनी माझे गाल धरले, दोन्ही हातांनी. काडीनं कपाळाचा मुका घेतला. आणि कोणीतरी ठमीला माझ्या छातीवर बसवलं, आणि तिनं आपल्या तोंडातलं बिस्किट काढलं, म्हणाली, "घे." आणि मी "नको गं" म्हणायला तोंड उघडलं...

तेवढंच पुरलं.

तीन दिवसांनी, नवा संडास वापरायला खुला व्हायचा त्याच सकाळी, उठलो तो हात वर जाईना. दंडात घण, मांड्यांत घण, कूस बदलायची तर बायकोला हाक. ती पाठीमागे उशी सरकवत काय म्हणाली? "तुम्ही तर हात धुता ना हो?" आणि बाकीचे? खडखडीत बरे! मला बघायला आले, मावशींनी कडेवर ठमीसुद्धा आणली, म्हटलं लांबूनच, लांबूनच दाखवा! दादा म्हणाले, "लवकर या काटेवाले, नवा संडास काय झकास आहे!" ते माझ्याआधी जाऊन आलेले! सगळे जाऊन आलेले! मी तिकडे खाटेवर, आणि माझी कडी लोक खट्ट, खट्ट करतायत!

काल कामावर रुजू झालो. काट्याकडे गेलोच नाही, सरळ नव्या संडासात. कडी लावली. खट्ट. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. मग खाली बघितलं. फरशी ओली. आरशावर बोटं. तोटी ठिबकतेय. आणि बेसिनच्या कडेवर साबणाची वडी. किल्ली हातात पडली त्याच संध्याकाळी मी स्वतः ठेवलेली, आमच्याच कारखान्याची, आमच्याच मावशींनी गुंडाळलेली. तीच. वेष्टणासकट. इतक्या दिवसांत एवढा विभाग आत-बाहेर करून गेला, पण कागदाची घडीसुद्धा कोणी मोडलेली नाही.

बाहेरून दादांची हाक, "झालं का हो, रांग लागलीय!"

पूर्वी मी दार उघडून ओरडलो असतो. काल नाही. काल मी कागद काढला, हात धुतले, पुसले, वडी कोरडी केली आणि परत कागदात नीट गुंडाळून ठेवली. उघडी टाकून कशाला झिजवायची... माझ्या एकट्याला वर्षभर पुरेल.